भिंतींचं झालं, माणसांचं राहिलं

बसू,

तुला मातीत बसवून आज सतरा दिवस झाले. 'बसवून' असं मुद्दाम लिहिते आहे, कारण तो तुझा विनोद होता आणि तू तो माझ्यासमोर किमान पन्नास वेळा केला असशील. "अक्का, तुमच्यात बी पुरत्यात, आमच्यात बी पुरत्यात. फरक एवढाच, तुमी झोपून जाणार आन् आमी बसून. नाटकवाल्याला बसूनच बरं, एंट्रीला उठाय सोपं जातंय." त्या दिवशी तुमच्या लिंगायत रीतीनं स्वामी मंत्र म्हणत होते, तुझे थोरले बंधू डोळ्यांना पंचा लावून उभे होते, आणि तुला मांडी घालून खाली ठेवताना मला नेमकं हेच आठवलं. हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तसं रडतही होतेच.

तुझं एक काम माझ्याकडे राहिलं होतं. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. माझ्या देवापुढे तुझं आणि विलासचं नाव मी एका दमात घ्यावं, आणि तेही गाऱ्हाणं म्हणून नव्हे, आभार म्हणून. मी सात वर्षं 'पुढच्या वेळी' म्हणत राहिले. हे पत्र त्याबद्दलच आहे. पण सरळ मुद्द्यावर आले तर तू विचारशील, नांदी कुठं गेली? म्हणून नांदीपासून सुरुवात करते.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. तेव्हा मंगळवार पेठेतला भुसार दुकानदार तू, आणि ख्रिस्ती पाळकाची मुलगी, शाळामास्तरीण मी. आपली ओळख होण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या वडिलांच्या मते नाटक ही सैतानाची शाळा होती, आणि त्या शाळेत मी लपूनछपून नाव घातलं ते कायमचंच. चर्चमध्ये माझी जागा पायपेटीवर, नाट्यगृहात तिसऱ्या रांगेतली अगदी कडेची. तुमच्या मंडळाचं ते संगीत नाटक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पहिला अंक संपेपर्यंत माझा जीव खालीवर होत होता. तू राजा झाला होतास, गात होतास सुरेख, पण साथीच्या पायपेटीचा भाता फाटला होता. पायानं कितीही हाणलं तरी वारा निसटायचा आणि सूर मध्येच मान टाकायचा. मध्यंतरात मी तडक आत रंगपटात आले.

तू मुकुट काखेत धरून चहा पीत होतास. वरपासून खालपर्यंत माझ्याकडे बघून म्हणालास, "पावणं, तिकीट काढून आलायसा न्हवं? मग खुर्चीत बसा की."

मी म्हटलं, "तुमच्या पेटीचा भाता फाटलाय. चिकटपट्टी आणा."

"तुमास्नी काय कळतंय त्यातलं?"

"दर रविवारी वाजवते. आणा आधी."

मग मी जमिनीवर बसून भात्याला औषधाच्या पेटीतल्या चिकटपट्ट्या लावल्या आणि महाराज माझ्या डोक्यावर बॅटरी धरून उभे राहिले. दुसरा अंक झकास झाला. दुसऱ्या दिवशी तू गुळाचा रवा, अख्खी ढेपच, घेऊन माझ्या दारात हजर. "अक्का," म्हणालास, "आमच्या घरात थोरल्या भनीला अक्का म्हंत्यात. तुमी काल जशा वरडलासा, तशी फकस्त थोरली भनच वरडती." तेव्हापासून मी अक्का आणि तू बसू.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घोडचूक. तू ती लोकांना माझ्यासमोर इतक्यांदा सांगितलीस की आता मीच सांगून टाकते.

तुमच्या नाटकात माळ्याच्या मुलीचं काम म्हादू करायचा. फौंड्रीत मोल्डिंगवर काम करणारा, कुस्तीच्या तालमीत घुमलेला गडी. मूळच्या नायिकेचं प्रयोगाच्या तोंडावर लग्न ठरलं आणि ती सासरी निघून गेली, म्हणून नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी म्हादूला नऊवारीत उभं केलं होतं. आणि तो असा काही नेसायचा, असा निऱ्या सावरत बसायचा, की बायका एकमेकींना विचारत, ही कुणाची गं मुलगी? एका प्रयोगाच्या मध्यंतरात माझ्या मागच्या रांगेत कुजबुज ऐकली. "ह्यांच्या मंडळात एक तसला हाय म्हणं."

मी ऐकलं आणि ठरवून टाकलं. तसला म्हणजे म्हादू. नऊवारीतला आणखी कोण असणार?

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आमच्या चर्चमध्ये शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. तिथे ज्याच्या त्याच्या अडचणी सांगतात आणि सगळ्याजणी मिळून देवाला विनवतात. मी नाव न घेता म्हटलं, "नाटकातला एक भाऊ आहे, वाट चुकलेला." त्यानंतर वर्षभर, कुणाचा गुडघा आणि कुणाच्या सुनेची बदली यांच्यामध्ये, म्हादूसाठी प्रार्थना चालली. आणि वर्षाच्या शेवटी बातमी आली की म्हादूच्या बायकोला जुळं झालं. आमच्या सभेत काय आनंद झाला म्हणून सांगू. मार्थाबाईंनी तर डोळे पुसत स्तुतीचं गाणं म्हणायला घेतलं.

मी फुलून तुझ्या दुकानात आले. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. तुला सगळं सांगितलं. तू हसायला लागलास आणि हसता हसता तांदळाच्या पोत्यावर बसलास. मिशा ओल्या झाल्या तुझ्या. मग डोळे पुसून, आवाज खाली आणून म्हणालास, "अक्का, म्हादूला आदीची दोन हायती. त्याच्या बायकुला इचारा, कसा वाघ हाय त्यो. तुमची चिट्टी दुसऱ्याच्या घरात पडली. तसला म्हंत्यात त्यो मी हाय."

मी म्हटलं, "अर्धा किलो मसूर दे."

तू उठलास, नीट तोलून मसूर दिलीस, पिशवीचं तोंड बांधून दिलंस. मला मसूर आवडत नाही हे तुला ठाऊक होतं. मी पिशवी घेऊन निघून आले.

दीड महिना मी मंगळवार पेठेचा रस्ता टाळला. खोटं कशाला बोलू, मला किळस वाटली नव्हती, भीती वाटली होती. आजवर जे मी नुसतं ऐकलं होतं, त्याला एकाएकी तुझा चेहरा आला होता. माझ्याकडे त्यासाठी शब्दही नव्हता. 'समलिंगी' हा शब्द पेपरात फार पुढे वाचला, आणि तुला वाचून दाखवला तेव्हा तू म्हणालास, "ह्ये सातबाऱ्यावरचं नाव वाटतंय, अक्का. म्याच हाय का त्यो?"

दीड महिन्यानं तुमच्या नाटकाचा पुढचा प्रयोग लागला. न जाण्याचं ठरवलं आणि तिकीट काढलं. माझी कडेची खुर्ची, जिथून समोरची विंग आतपर्यंत दिसते. शेवटच्या अंकात राजा माळ्याच्या मुलीचा निरोप घेतो, ते भीमपलासातलं पद. मी ते त्याआधी आठ वेळा ऐकलं होतं. सगळं नाट्यगृह म्हादूकडे बघत होतं, कारण तो काय बेमालूम रडायचा. मी त्या दिवशी पहिल्यांदा तू कुठे बघतोस ते पाहिलं. म्हादूच्या खांद्यावरून, पलीकडे, विंगेत. तिथे स्टुलावर तुमचा प्रॉम्प्टर बसला होता, विलास. शिरोळकडचा, कारखान्यात ड्रॉइंग काढणारा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा बारका माणूस. मांडीवर वही होती पण ती मिटलेली. तुझ्या तोंडून शब्द निघण्याआधी त्याच्या ओठांवर यायचा. एक ओळ अशी नव्हती जी त्याच्या आधी तू म्हटलीस.

माझे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी घरी रविवारची गाणी बसवत असले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून असेच बिनआवाज म्हणत असायचे. त्यांना सूर नव्हता पण शब्द सगळे पाठ. बसू, मला ते एकदम ओळखू आलं. जे मला मिळालं होतं तेच तुझ्या वाट्याला आलं होतं, आणि त्यात काही निराळं नव्हतं. पद संपलं. वन्समोअर मिळाला. पहिली आरोळी माझी होती, आणि चर्चच्या पायपेटीवाल्या बाईंनी नाट्यगृहात आरोळी ठोकली हे पुढे आठवडाभर गावात फिरत होतं.

प्रयोगानंतर मी आत आले. मी विलासला म्हटलं, "मसूर खाता का हो तुम्ही? अर्धा किलो पडून आहे माझ्याकडे." तो तुझ्याकडे बघायला लागला. तू म्हणालास, "खातोय की. समदं खातोय त्यो."

पण म्हणून भांडण मिटलं असं नाही. उलट तिथून सुरू झालं. मी पवित्र शास्त्र उघडून वचनं दाखवायची, तू चष्मा लावून नीट वाचायचास आणि विचारायचास, "नाटक बघायचं पाप न्हाय, ह्ये कुटं लिवलंय?"

"कुठे नाही."

"मग तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बसून पाहिलं."

"मग आमच्यात बी जरा बसून बघा की."

मी बसून पाहिलं. तुझ्या बंधूंनी निपाणीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या मुली सांगून आणल्या आणि शेवटी तुला कंटाळून तुझं खाणंपिणं वेगळं केलं. मग तुम्ही दोघांनी राजारामपुरीच्या मागे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. विलासची कंपनी पुढे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेली. तो सकाळी सातची बस धरायचा आणि तू आधी उठून त्याचा डबा भरायचास. तू जन्माचा शाकाहारी आणि त्याला रविवारी मटण लागायचं. मटणाची भांडी गॅलरीत वेगळी ठेवलेली, आणि तू नाकाला रुमाल बांधून त्याला रस्सा वाढायचास. "हेच्यापायी म्या धर्म सोडला न्हाय," म्हणायचास, "पर नाक सोडलं." मी त्या घरी जितकी हसले तितकी माझ्या स्वतःच्या घरी हसले नसेन.

तुझी मागणी आली ती त्याच घरात. आमच्यात नवं घर झालं, कुणी आजारातून उठलं, मुलगी पास झाली, की चार माणसं बोलावून देवाचे आभार मानतात. त्याला उपकारस्तुती म्हणतात. माझ्या निवृत्तीच्या वेळची तू पाहिली होतीस आणि तुला ती फार आवडली होती. "काय मागत न्हाईत राव. नुसतं बरं केलास म्हंत्यात आन् च्या पित्यात. अक्का, आमच्यात बी करा एक."

मी वर्षभर टाळलं. मग एका रविवारी दुपारी आले. तू नवा सदरा घातला होतास, विलासनं जमीन पुसून घेतली होती. तुम्ही दोघं खाली मान घालून हात जोडून उभे राहिलात. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. घरासाठी आभार मानले. भिंतींसाठी मानले. नळाला दोन वेळ पाणी येतं म्हणून मानले. हवेसाठी, उजेडासाठी, गॅलरीसाठी. शेजार चांगला मिळाला म्हणून. मला वाटतं मी स्वयंपाकाच्या ओट्याचंही नाव घेतलं. पाच मिनिटं मी त्या घरातल्या एकेका वस्तूभोवती फिरत राहिले आणि मधे उभ्या असलेल्या दोन माणसांपाशी काही येऊ शकले नाही. शेवटी आमेन म्हणून मोकळी झाले.

विलास चहा टाकायला आत गेला. तू हसत होतास, रागावला नव्हतास. म्हणालास, "अक्का, भिंतींचं झालं. माणसांचं राह्यलं."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी."

दरवर्षी तू आठवण केलीस, कधी चेष्टेनं, कधी नुसता बघून. दरवर्षी मी पुढच्या वेळी म्हटलं. माझं मन केव्हाच वळलं होतं रे. तुझ्याशी भांडायची ती सवय म्हणून भांडायची. पण मनात असणं वेगळं आणि देवापुढे मोठ्यानं बोलणं वेगळं. बोललं की ते कायम होतं. मी वाजवणारी बाई, आयुष्यभर लोकांकडे पाठ करून बसलेली. माझ्यात तेवढा दम नव्हता, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

मग तू दुकानात बसल्या बसल्या गेलास. काही त्रास नाही, कुणाला हाक नाही. तुझ्या घरच्यांनी सगळं रीतीनं केलं, त्यात कमी काढायला जागा नाही. फक्त विलास गल्लीतल्या लोकांच्या घोळक्यात, पानपट्टीच्या कडेला उभा होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुम्ही त्यांच्या नाटकातले का? तो हो म्हणाला. लोक तुझ्या बंधूंना भेटत होते, पुतण्यांना भेटत होते. त्याच्याजवळून नुसते जात होते. चौथ्या दिवशी तो कामावर गेला. मी रागावले तर म्हणाला, "बाई, मित्र वारला म्हणून एक दिवसाची रजा मिळती. बाप वारला तर बारा. मी काय लिहू अर्जात?"

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या देवाशी भांडले आणि मग लक्षात आलं की भांडण चुकीच्या ठिकाणी चाललंय; गप्प राहिले होते ती मी.

गेल्या रविवारी विलासला चर्चला घेऊन गेले. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि शेवटच्या बाकावर बसला. आमच्याकडे उपदेशाआधी ज्याला आभार मानायचे त्यानं जागेवर उभं राहून मानायचे असतात. तीस वर्षांत मी एकदाही उभी राहिले नव्हते. मी पायपेटीवरून उठले आणि लोकांकडे तोंड केलं. म्हटलं, "बसवराज आणि विलास. ही दोन माणसं एकवीस वर्षं एका घरात एकमेकांची होऊन राहिली, आणि त्या घरात मला सुख मिळालं. त्याबद्दल देवाची उपकारस्तुती. बसवराज वारले. विलास मागे बसलेत. घर त्यांचं आहे, दुःखही त्यांचं आहे."

एवढंच. मी लिहून नेलेला कागद पिशवीतच राहिला. पाळकसाहेबांनी घसा खाकरून पुढचं गाणं सांगितलं आणि मी ते वाजवलं. पहिल्या कडव्यात दोनदा चुकले.

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. ज्याच्या घरी दुःख झालं असेल, तो त्या रविवारी उपासना सुटल्यावर दाराशी उभा राहतो, आणि बाहेर पडणारा प्रत्येकजण त्याचा हात हातात घेतो. माझे यजमान गेले तेव्हा मी तिथे उभी होते. मी विलासला नेऊन त्या जागी उभं केलं. दोन कुटुंबं बाजूच्या दारानं निघून गेली, तेही सांगायला हवं. पाळकसाहेबांनी मला बुधवारी भेटायला बोलावलंय, ते भांडण मी करीन, त्याची तू काळजी करू नकोस. बाकीचे आले. काही रीत म्हणून आले, काही विचार करत करत आले, पण आले. एकेक करून हात हातात घेत राहिले. विलास सरळ उभा होता. प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होता.

मग आमचे घंटा वाजवणारे आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. विचारलं, "किती वर्सं व्हतासा संगट?"

विलास म्हणाला, "एकवीस."

"मग लई झाली की," आजोबा म्हणाले. "आता घर खायला उठत आसंल."

तुझा माणूस तेव्हा पहिल्यांदा रडला, बसू. आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून, मोठ्यानं रडला, आणि मागची सगळी रांग तो रडून होईपर्यंत थांबून राहिली.